अमेरिकेत नवीन आहात? आधी पे-स्टबवरचं (पगाराच्या पावतीवरचं) राज्य बघा

पहिला पगार जमा झाला की नवीन माणूस बँकेतला आकडा बघतो, मग ऑफर लेटरमधला आकडा बघतो, आणि मग फोन करतो: "अहो, बाकीचे पैसे गेले कुठे?" न्यू जर्सीत राहून असे बरेच फोन घेतले. दुसऱ्या प्रकारचा फोन काही वर्षांनी येतो, लेऑफ झाल्यावर: "इतकी वर्षं एवढा टॅक्स कापला, आता बेकारी भत्ता त्यातूनच मिळेल ना?"

नाही. ती थैलीच वेगळी, तिचं नाव बेकारी विमा. दोन्हींचे नियम वेगळे, दोन्ही राज्यागणिक बदलतात, आणि गंमत म्हणजे एकाच माणसाचा कर एका राज्यात जात असतो आणि बेकारी विमा दुसऱ्याच राज्यात जमा होत असतो.

हा सगळा लेख एका वाक्यावर उभा आहे, म्हणून ते आधीच सांगतो. प्राप्तिकर तुमचं घर आणि तुमचं काम दोन्ही बघतो. बेकारी विमा मात्र एवढंच विचारतो, की काम करताना तुम्ही बसला होता कुठे?

पायरी १: दोन राज्यांची नावं कागदावर लिहा

एक, जिथे झोपता ते राज्य. दोन, जिथे प्रत्यक्ष काम करता ते राज्य. कंपनीचं मुख्यालय कुठे आहे ते इथे जवळजवळ कधीच लागत नाही. दोन्ही नावं एकच असतील, तर अर्धं काम इथेच संपलं.

आता या दोन राज्यांत पगारावर प्राप्तिकर आहे का ते बघा. केंद्राचा कर सगळ्यांना सारखा, तो आयआरएस गोळा करते. राज्याचा कर ज्याच्या त्याच्या मर्जीचा. अलास्का, फ्लोरिडा, नेवाडा, न्यू हॅम्पशायर, साउथ डकोटा, टेनेसी, टेक्सास, वॉशिंग्टन आणि वायोमिंग ही नऊ राज्यं पगारावर कर लावत नाहीत. पेनसिल्व्हेनियात सरसकट ३.०७ टक्के, इलिनॉयमध्ये ४.९५. न्यू जर्सीत टप्पे आहेत, १.४ पासून १०.७५ टक्क्यांपर्यंत. कॅलिफोर्नियाचा सर्वांत वरचा टप्पा १३.३ टक्क्यांचा, पण तिथे पोचणाऱ्याला हा लेख वाचायची गरज नसावी.

काही ठिकाणी राज्यावर गावाचाही कर असतो. न्यू यॉर्क शहरात राहणाऱ्यांना शहराचा वेगळा प्राप्तिकर आहे; नुसतं कामाला येणाऱ्यांना नाही, त्यांच्यावरचा कर १९९९ साली गेला. फिलाडेल्फियात उलट: शहरात काम केलंत की बाहेर राहत असलात तरी साधारण ३.४ टक्के वेज टॅक्स कापला जातो.

बेकारी विम्याला मात्र असं "आमच्याकडे नाहीच" म्हणता येत नाही. विस्कॉन्सिनने १९३२ मध्ये पहिला कायदा केला, आणि १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्याने केंद्राने सगळ्या राज्यांना या रांगेत उभं केलं. त्यासाठी वापरलेली युक्ती बघण्यासारखी आहे. केंद्र प्रत्येक कर्मचाऱ्याच्या वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलर पगारावर कंपनीकडून ६ टक्के कर मागतं, पण राज्याची योजना नियमात बसणारी असेल तर त्यातले ५.४ टक्के सोडून देतं. मग कोणतं राज्य योजना न करता आपल्या कंपन्यांवर तो बोजा ठेवेल? आज डीसी, पोर्टो रिको आणि व्हर्जिन आयलंड्स धरून अशा ५३ योजना आहेत. म्हणजे टेक्सासमध्ये राज्याचा प्राप्तिकर शून्य असला तरी टेक्सास वर्कफोर्स कमिशन कंपन्यांकडून बेकारी विम्याचा हप्ता घेतंच.

पायरी २: रुजू होताना दोन फॉर्म मागा

पगारातून किती कर कापायचा हे कंपनीला सांगणारा केंद्राचा डब्ल्यू-४ सगळे देतात. राज्याचा वेगळा असतो हे पुष्कळांना ठाऊक नसतं: न्यू जर्सीत एनजे-डब्ल्यू४, न्यू यॉर्कमध्ये आयटी-२१०४, कॅलिफोर्नियात डीई ४. टेक्सासमध्ये काहीच नाही. बेकारी विम्यासाठी तुम्हाला कुठेही फॉर्म भरावा लागत नाही. कंपनी दर तिमाहीला तुमचा पगार राज्याला कळवते आणि तिथे तुमचं खातं आपोआप तयार होत जातं. कुठल्या राज्याला कळवते हे मात्र एचआरला ईमेलने विचारून ठेवा. "माझे वेजेस बेकारी विम्यासाठी कुठल्या राज्याला रिपोर्ट होतात?" एवढा एकच प्रश्न. उत्तर जपून ठेवा.

पायरी ३: पे-स्टब ओळीओळीने वाचा

यावर अर्धा तास घालवा, कारण सगळी चूक-भूल इथेच दिसते. समजा तुम्ही न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहता, तिथेच काम करता आणि दर दोन आठवड्यांना ४,००० डॉलर मिळतात. २०२५ च्या दरांनी तुमच्या स्टबवर साधारण असं दिसेल:

फेडरल विथहोल्डिंग, म्हणजे केंद्राचा कापलेला प्राप्तिकर, डब्ल्यू-४ प्रमाणे जे काही असेल ते.
सोशल सिक्युरिटी (म्हातारपणीचं पेन्शन), ६.२ टक्के: २४८ डॉलर.
मेडिकेअर (म्हातारपणीचा आरोग्य विमा), १.४५ टक्के: ५८ डॉलर.
एनजे विथहोल्डिंग, हा राज्याचा प्राप्तिकर.
एनजे यूआय/डब्ल्यूएफ/एसडब्ल्यूएफ, ०.४२५ टक्के: १७ डॉलर.
एनजे टीडीआय, ०.२३ टक्के: ९ डॉलर २० सेंट.
एनजे एफएलआय, ०.३३ टक्के: १३ डॉलर २० सेंट.

पाचवी ओळ बोटाने धरा. त्या १७ डॉलरांतला मोठा भाग बेकारी विम्याचा आहे. टीडीआय आणि एफएलआय हे आजारपणाचे आणि कुटुंबाच्या रजेचे. नुसती नोकरी गेली म्हणून त्यांतून काही मिळत नाही. पुष्कळ जण "डिसअ‍ॅबिलिटी" म्हणजेच बेकारी असं समजून बसतात.

ही पाचवी ओळ वर्षभर राहत नाही. २०२५ मध्ये न्यू जर्सीत ती पहिल्या ४३,३०० डॉलरपर्यंतच कापली जाते. ४,००० च्या हिशोबाने अकराव्या चेकमध्ये १४ डॉलर कापले जातील आणि बाराव्यापासून ओळच गायब. वर्षाचे मिळून १८४ डॉलर. जूनमध्ये हातात येणारा पगार थोडा वाढलेला दिसतो तो त्यामुळे, बॉसच्या कृपेने नाही. प्राप्तिकराला अशी मर्यादा नसते, तो शेवटच्या डॉलरपर्यंत चालू. वर्षात दोन नोकऱ्या केल्या असतील तर दोघीही शून्यापासून कापतात, आणि जास्तीचे पैसे एनजे-२४५० फॉर्म लावून राज्याच्या रिटर्नमध्ये परत मागता येतात.

आता हाच माणूस टेक्सासमध्ये असता, तर शेवटच्या चारही ओळी नसत्या. म्हणून तिथे बेकारी विमा नाही का? आहे. बहुतेक राज्यांत विम्याचा सगळा हप्ता कंपनी भरते, कर्मचाऱ्याच्या पगारातून दमडी जात नाही. कर्मचाऱ्याकडून कापणारी राज्यं तीनच: अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया. पेनसिल्व्हेनियात २०२५ चा दर ०.०७ टक्के, म्हणजे ४,००० वर २ डॉलर ८० सेंट, पण तिथे वरची मर्यादा नाही. न्यू यॉर्कच्या स्टबवर बेकारी विम्याची ओळ शोधू नका. तिथे खूण म्हणजे "एनवाय एसडीआय", हा आजारपणाचा विमा, आठवड्याला जास्तीत जास्त ६० सेंट. ती ओळ दिसली, तर बहुधा विमाही न्यू यॉर्कमध्येच जमा होतो आहे.

कंपनी किती भरते यातही जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॅलिफोर्नियात वर्षाच्या पहिल्या ७,००० डॉलरवरच हप्ता लागतो, वॉशिंग्टन राज्यात २०२५ मध्ये पहिल्या ७२,८०० वर. कोविडच्या काळात कॅलिफोर्नियाचा निधी आटला आणि केंद्राकडून कर्ज घ्यावं लागलं, त्यात या तुटपुंज्या पायाचा मोठा हात आहे.

पैसे गोळा करणारी खातीही राज्यागणिक वेगळी. कॅलिफोर्नियात पगारातून कापलेला राज्याचा कर आणि बेकारी विम्याचा हप्ता दोन्ही ईडीडी नावाचं खातं घेतं, पण वार्षिक रिटर्न मात्र फ्रँचाइज टॅक्स बोर्डाकडे भरायचं. न्यू यॉर्कमध्ये कंपनी दोन्ही आकडे एनवायएस-४५ या एकाच तिमाही फॉर्मवर कळवते, न्यू जर्सीत एनजे-९२७ वर. म्हणून फोन कुठे करायचा हे आधी ठरवा. कराच्या खात्यातल्या माणसाला बेकारी भत्त्याचं विचारलंत, तर तो तुम्हाला होल्डवर ठेवून जेवायला गेला तरी त्याचा दोष नाही.

माझी स्वतःची फजिती याच स्टबवर झाली. टेक्सासमधल्या डॅलसहून त्याच कंपनीच्या न्यू जर्सीतल्या नुअर्कच्या ऑफिसात बदली झाली. घर बदललं, लायसन्स बदललं, पेरोलने मात्र ऑक्टोबरपर्यंत मला टेक्सासमध्येच ठेवलं. चार महिने हातात पगार पूर्वीसारखाच येत होता आणि मी मनात म्हणत होतो, लोक उगाच न्यू जर्सीच्या नावाने बोटं मोडतात! एप्रिलमध्ये राज्याचा सगळा कर एकरकमी भरला, वर व्याज. आणि त्या चार महिन्यांचा पगार बेकारी विम्यासाठीही टेक्सासलाच कळवला गेला होता, तो कंपनीकडून दुरुस्त करून घ्यायला आणखी एक तिमाही गेली. स्टबवर "एनजे" ही दोन अक्षरं नाहीत एवढं पहिल्याच महिन्यात बघितलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं.

पायरी ४: राहणं एका राज्यात, काम दुसऱ्यात असेल तर

आपल्यातले कितीतरी जण नदी ओलांडून कामाला जातात, म्हणून इथे जरा थांबू. तीन उदाहरणं घेऊ.

पहिलं: घर जर्सी सिटीत, ऑफिस मॅनहॅटनमध्ये. पगारातून न्यू यॉर्कचा कर कापला जातो. वर्षअखेरी न्यू यॉर्कचं आयटी-२०३ हे अनिवासी रिटर्न भरायचं, मग न्यू जर्सीचं निवासी रिटर्न भरायचं, आणि त्यात न्यू यॉर्कला दिलेल्या कराचं क्रेडिट घ्यायचं. आधी न्यू यॉर्कचं पुरं करा, कारण तिथला आकडा इथे लागतो. कर दोनदा जात नाही. रिटर्न दोन भरावी लागतात. नोकरी गेली तर? दावा न्यू यॉर्ककडे. तिथे भत्त्याची कमाल मर्यादा आठवड्याला ५०४ डॉलर होती, ऑक्टोबर २०२५ पासून ८६९ झाली. एक बारीक मेख अशी, की न्यू जर्सी बेकारी भत्त्यावर कर लावत नाही, न्यू यॉर्क लावतं, आणि तिथल्या नोकरीपोटी मिळालेला भत्ता अनिवासी माणसालाही तिथे दाखवावा लागतो.

दुसरं: घर पेनसिल्व्हेनियात, नोकरी न्यू जर्सीत. या दोन राज्यांचा आपसात करार आहे. कंपनीला एनजे-१६५ फॉर्म दिला की न्यू जर्सीचा प्राप्तिकर कापणं बंद होतं आणि पगारावरचा कर फक्त पेनसिल्व्हेनियाला जातो. उलट्या दिशेने जाणाऱ्यांसाठी आरईव्ही-४१९. करार प्राप्तिकरापुरता आहे, बेकारी विम्याला तो लागू नाही. माझा एक मित्र यार्डलीत राहायचा, नोकरी प्रिन्स्टनला. नोकरी गेल्यावर त्याने पेनसिल्व्हेनियाकडे अर्ज केला, कारण "सगळा टॅक्स तर तिकडेच भरला." तिथून उत्तर आलं, की तुमच्या नावावर आमच्याकडे पगारच नाही. दोन आठवडे गेले. त्याच्या प्रत्येक स्टबवर "एनजे यूआय" कापलेलं होतं, पण ती ओळ कधी वाचली होती कुणी?

तिसरं: कंपनी न्यू यॉर्कची, काम घरून, घर दुसऱ्या राज्यात. हे सर्वांत तिरपागडं. न्यू यॉर्कचा नियम असा, की तुम्ही स्वतःच्या सोयीसाठी घरून काम करत असाल, कंपनीच्या गरजेसाठी नव्हे, तर ते दिवस न्यू यॉर्कमध्येच काम केल्यासारखे धरून तुमच्याकडून कर घेतला जातो. पण बेकारी भत्ता मागायला गेलात तर? २००३ मध्ये तिथल्या वरिष्ठ न्यायालयापुढे नेमकं असं प्रकरण आलं. बाई फ्लोरिडातल्या घरून न्यू यॉर्कच्या कंपनीचं काम करत होत्या. न्यायालय म्हणालं, शरीराने जिथे काम केलंत तिथला विमा. न्यू यॉर्कचा भत्ता मिळणार नाही. म्हणजे कर घेताना "तुम्ही इथेच होता" आणि भत्ता देताना "तुम्ही इथे नव्हताच". मला हे कधीच पटलं नाही, पण नियम माहीत असलेला बरा.

आठवड्यातले काही दिवस इकडे, काही तिकडे असं असेल, तर तुमच्या कामाचा मुख्य तळ कुठला हे बघितलं जातं. अशा वेळी पायरी २ मधलं एचआरचं ईमेल कामाला येतं.

पायरी ५: व्हिसा बघून अपेक्षा ठेवा

बेकारी भत्ता मिळायला नोकरी गेलेली असणं पुरत नाही. लगेच दुसरी नोकरी धरायला मोकळे आणि कायद्याने पात्र असणं लागतं. ग्रीन कार्ड असलेल्यांना अडचण नाही. एच-४ चं (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्डाच्या अर्जावरचं वर्क परमिट हातात असेल, तर कुठल्याही कंपनीत काम करता येतं, त्यामुळे दावा उभा राहू शकतो. एच-१बी एकाच कंपनीला बांधलेला असतो. नव्या कंपनीने अर्ज केल्याशिवाय तुम्ही कामाला "मोकळे" नसता, आणि त्या कारणाने दावे बहुधा नाकारले जातात. न्यू जर्सीतल्या एच-१बीवाल्याचे ते १७ डॉलर मात्र वर्षाची मर्यादा गाठेपर्यंत दर चेकला जातातच. त्याच्यासाठी खरं घड्याळ नोकरी गेल्यावर देशात राहायला मिळणाऱ्या साठ दिवसांच्या ग्रेस पिरियडचं, त्यामुळे आधी इमिग्रेशनच्या वकिलाला फोन करा.

एक भीती उगाच बाळगली जाते: भत्ता घेतला तर ग्रीन कार्ड अडेल. २०२२ च्या पब्लिक चार्ज नियमात (सरकारी मदतीवर जगेल अशा माणसाला ग्रीन कार्ड नाकारण्याचा नियम) बेकारी विमा सरकारी मदत म्हणून धरलेला नाही, कारण तो कामातून कमावलेला हक्क आहे.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर ओपीटी, म्हणजे शिक्षणानंतरची तात्पुरती नोकरी, करणाऱ्यांनी सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरच्या ओळी बघाव्यात. पहिली पाच कॅलेंडर वर्षं त्या सहसा लागू नसतात, आणि तरी कापणाऱ्या कंपन्या असतात.

पायरी ६: नोकरी गेली तर पहिल्याच आठवड्यात दावा लावा

सेव्हरन्स, म्हणजे कामावरून काढताना कंपनी देते ती रक्कम, मिळाला म्हणून वाट बघत बसू नका. सेव्हरन्समुळे भत्ता लांबतो की नाही हे राज्य ठरवेल, पण दावा बहुतेक ठिकाणी अर्ज केलेल्या आठवड्यापासूनच सुरू होतो. मागचे आठवडे सहजी मिळत नाहीत. कॅलिफोर्निया आणि टेक्साससारख्या राज्यांत पहिला आठवडा तसाही बिनपैशांचा जातो.

रक्कम ठरते ती "बेस पिरियड" वरून: संपलेल्या शेवटच्या पाच तिमाहींपैकी पहिल्या चार. म्हणजे सर्वांत ताजी तिमाही साधारणपणे मोजलीच जात नाही, आणि देशात येऊन चार-पाच महिनेच झालेल्या माणसाकडे दाखवायला पुरेसा पगार नसतो. दोन राज्यांत काम झालं असेल तर दोन्हीकडचा पगार एकत्र करून एकच दावा लावता येतो. अर्जात तसं विचारतात, तिथे "होय" म्हणा.

हातात किती येईल हे नुसतं नकाशावर ठरतं. न्यू जर्सी सरासरी आठवडी पगाराच्या ६० टक्के देतं, २०२५ मध्ये जास्तीत जास्त ८७५ डॉलर. कॅलिफोर्नियाची मर्यादा ४५०, २००५ पासून तीच. फ्लोरिडाची २७५, मिसिसिपीची २३५. बहुतेक राज्यांत २६ आठवडे मिळतात. फ्लोरिडात बेकारीचं प्रमाण कमी असेल तेव्हा फक्त १२. राज्याचा कर वाचवायला फ्लोरिडात जाणाऱ्या मित्रांना मी हा आकडाही सांगतो. ते ऐकून घेतात आणि जातात.

"कामावरून काढलं" म्हटलं की हक्क गेला असं नाही. गैरवर्तनासाठी काढलं तर भत्ता अडतो. काम जमलं नाही म्हणून काढलं, तर बऱ्याचदा मिळतो. स्वतःहून राजीनामा दिला असेल तर मात्र ठोस कारण दाखवावं लागतं. म्हणून एचआरने "राजीनामा देऊन टाका, रेकॉर्ड चांगलं राहील" असं सुचवलं, तर सही करण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्या.

मंजुरीनंतर दर आठवड्याला किंवा दोन आठवड्यांनी सर्टिफाय करावं लागतं: काम शोधलं का, काही कमावलं का, उपलब्ध होता का. कुठे अर्ज केला त्याची तारखेनिशी वही ठेवा. चार तास कुणाचं काम करून पैसे घेतलेत तर तेही लिहा, नाहीतर पुढे वसुली येते, दंडासह. नामंजुरीचं पत्र आलं तर अपिलाची मुदत लगेच बघा. कॅलिफोर्नियात ३० दिवस, टेक्सासमध्ये १४.

पायरी ७: जानेवारीची टपालपेटी

भत्ता घेतलेल्या वर्षानंतर किती भत्ता दिला हे सांगणारा १०९९-जी राज्याकडून येतो, पुष्कळ ठिकाणी नुसताच ऑनलाइन खात्यात पडतो. केंद्राला भत्ता हे पूर्ण करपात्र उत्पन्न. अर्ज करतानाच १० टक्के कापायला सांगता येतात, डब्ल्यू-४व्ही फॉर्म तेवढ्यासाठीच आहे. न कापल्यास एप्रिलच्या १५ तारखेला ऐन अडचणीत रक्कम भरावी लागते. कॅलिफोर्निया, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया आपला कर त्यावर लावत नाहीत.

डब्ल्यू-२, म्हणजे कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला, आला की खालची ओळ बघा. रकाना १५ मध्ये राज्य, १६ मध्ये त्या राज्याचा पगार, १७ मध्ये कापलेला कर, १८ ते २० गावाचे. न्यू जर्सीचा बेकारी विम्याचा हप्ता बहुधा १४ व्या रकान्यात बारीक अक्षरांत असतो. रकाना १५ मध्ये तुम्ही पाऊलही न ठेवलेल्या राज्याचं नाव दिसलं, तर रिटर्न भरू नका. पेरोलकडून आधी डब्ल्यू-२सी, म्हणजे दुरुस्त प्रत, मागून घ्या. आणि भत्ता कधी मागितलाच नसताना १०९९-जी आला, तर तुमच्या नावाने दुसऱ्याच कुणी तरी दावा लावला आहे. २०२० नंतर असे कागद पुष्कळांच्या दारात पडले. तो फाडून टाकू नका, त्या राज्याच्या बेकारी खात्याला त्याच दिवशी फसवणूक म्हणून कळवा.